भोक आहे म्हणे!

मराठी माणसाच्या हृदयाला जन्मतः एकच आजार होतो. त्याचं नाव 'भोक'. विश्वास बसत नसेल तर आजूबाजूला विचारून बघा. वॉचमनकाकांच्या नातवाला भोक होतं, कँटीनच्या अण्णांच्या भाचीला भोक होतं, मेसच्या मावशींच्या शेजारणीच्या मुलाला भोक होतं आणि ते म्हणे आपोआप बुजलं. भोक मोठं की छोटं, एवढाच काय तो फरक! जगभरच्या डॉक्टरांनी शंभरएक वर्षं डोकं खपवून जी वर्गवारी केली, ती आपण दोन अक्षरांत संपवून टाकली.

आता तुम्ही म्हणाल, ही इन्स्ट्रुमेंटेशनची मुलगी, सबमिशन तोंडावर आलेलं असताना हे मेडिकलचं काय घेऊन बसली? आणि तेही मराठी विभागात? प्रश्न बरोबर आहे. माझं सगळं शिक्षण कॉन्व्हेंटमध्ये झालं. मधल्या सुट्टीत मराठीत बोललं तर पाच रुपये दंड होता आमच्याकडे. 'झडप' हा शब्द मला मांजरामुळे कळला, हृदयातही झडपा असतात हे खूप नंतर. पण हा विषय मराठीतच लिहायचा असं मी ठरवलं, कारण यातली निम्मी गडबड आजाराची नाही, भाषेची आहे.

निमित्त झालं माझ्या मामेबहिणीचं. तिला मी ताई म्हणते. ती तालुक्याच्या गावी असते. पहिलंच बाळंतपण. सगळ्या सोनोग्राफ्या वेळेवर झाल्या, पाचव्या महिन्यातली ती मोठी सोनोग्राफीसुद्धा. रिपोर्टमध्ये हृदयाबद्दल एकच ओळ होती: चार कप्पे दिसले, नॉर्मल. बाळ पूर्ण दिवस भरून, जवळजवळ तीन किलोचं, खणखणीत रडत जन्माला आलं. मामाने पेढे वाटले. दुसऱ्या दिवशी पहाटे बाळाचे ओठ आणि नखं निळी दिसायला लागली. ऑक्सिजन लावला तरी रंग बदलेना. "शहरात घेऊन जा," म्हणाले. अँब्युलन्स, घाट, पाच तास. शहरात इको होईपर्यंत फार उशीर झाला होता. बाळ गेलं. आणि घरच्यांना जे सांगण्यात आलं ते एवढंच, की भोक होतं.

यापुढचं जास्त वाईट आहे. भेटायला येणाऱ्या बायका ताईला सांगायच्या, "अगं, आमच्या अमक्याच्या मुलालाही भोक होतं, पण बुजलं की आपोआप!" म्हणजे इतरांची भोकं बुजतात, हिच्याच बाळाचं बुजलं नाही. का? मग सासूबाईंनी हिशोब काढला. सातव्या महिन्यात ग्रहण लागलं होतं. तेव्हा हिने विळी हातात घेतली होती का? ताई बी.कॉम. झालेली आहे. तीसुद्धा आठवायला लागली, की घेतली होती का आपण विळी...

मी तिच्याकडून ती फाइल मागून घेतली. इको रिपोर्टवर लिहिलं होतं, 'डी-टीजीए, इंटॅक्ट व्हेंट्रिक्युलर सेप्टम'. म्हणजे हृदयातून निघणाऱ्या दोन मोठ्या धमन्यांची अदलाबदल, आणि खालच्या दोन कप्प्यांमधला पडदा अखंड. अखंड! भोक नव्हतंच. भोक असतं, तर ते बाळ कदाचित आणखी काही तास, कदाचित काही दिवस तग धरू शकलं असतं.

हे विधान विचित्र वाटेल. म्हणून जरा सर्किटकडे वळू या, तेवढं तरी आपल्याला जमतं.

तुमचं-आमचं हृदय म्हणजे सीरिजमध्ये जोडलेले दोन पंप. उजवा पंप शरीरातून आलेलं अशुद्ध रक्त फुफ्फुसांकडे पाठवतो, फुफ्फुसांतून शुद्ध होऊन आलेलं रक्त डावा पंप शरीराला पाठवतो. एकच मोठा लूप. टीजीएमध्ये पंप जागच्या जागी असतात, पण आउटपुटचे पाइप उलटे जोडलेले. त्यामुळे सीरिजचं होतं पॅरलल. शरीराचं निळं रक्त हृदयात येऊन परत शरीरातच जातं, फुफ्फुसांचं लाल रक्त परत फुफ्फुसांत. दोन स्वतंत्र लूप, दोन्ही पंप ठणठणीत, आणि मधे जोड नाही. बाहेरून कितीही ऑक्सिजन लावा, तो चुकीच्या लूपमध्ये फिरत राहतो. ताईच्या बाळाचा रंग का बदलला नाही, याचं उत्तर हे आहे.

मग असं बाळ पोटात नऊ महिने कसं वाढतं? कारण पोटात त्याची फुफ्फुसं कामालाच लागलेली नसतात. ऑक्सिजन येतो आईच्या वारेतून, नाळेमार्फत. शिवाय प्रत्येक बाळाच्या हृदयात, अगदी तुमच्या-माझ्यासुद्धा, वरच्या दोन कप्प्यांच्या मधे एक वाट उघडी असते, आणि दोन मोठ्या धमन्यांना जोडणारी एक छोटी नळी असते. मित्रांनो, पोटात असताना आपण सगळेच 'भोकवाले' असतो! जन्मानंतर श्वास सुरू झाला की या वाटा मिटायला लागतात. निरोगी बाळात त्या मिटायलाच हव्यात. टीजीएच्या बाळात मात्र त्या मिटल्या की दोन लूपमधला शेवटचा जोड तुटतो. म्हणून अशा बाळाला डॉक्टर एक इंजेक्शन थेंबाथेंबाने देतात, प्रोस्टाग्लँडिन ई-१, ज्याने ती नळी उघडी राहते. आणि १९६६ साली फिलाडेल्फियाच्या विल्यम रॅशकिंड या डॉक्टरांनी काय केलं? शिरेतून एक फुगा हृदयात नेला, फुगवला आणि ओढून वरच्या पडद्याला मुद्दाम भोक पाडलं. मुद्दाम! आजही जगभर हे केलं जातं. त्याने वेळ मिळतो, आणि मग पहिल्या दोन-तीन आठवड्यांत दोन्ही धमन्या कापून योग्य जागी जोडण्याचं ऑपरेशन होतं. हे ऑपरेशन ब्राझीलच्या अदिब जातेने यांनी १९७५ मध्ये पहिल्यांदा यशस्वी केलं. अशी मुलं पुढे शाळेत जातात, पळतात, आपल्यासारखी इंजिनियरिंगला येऊन केटीही लावून घेतात.

तर ताईच्या बाळाला भोक 'असल्यामुळे' काही झालं नाही. भोक नसल्यामुळे झालं. एका शब्दाने गोष्ट किती उलटी होते बघा.

आता वर्गवारीकडे येते. आपल्याला वाटतं वर्गवारी म्हणजे पाठ करायची टेबलं, व्हायवाला विचारतात तशी. पण इथे वर्ग म्हणजे घड्याळ आहे. मॉड अॅबट नावाच्या कॅनडातल्या बाईंनी १९३६ मध्ये जन्मजात हृदयविकारांचा अॅटलास काढला, १००० केसेस अभ्यासून. (मॅकगिल विद्यापीठाने बाई म्हणून यांना मेडिकलला प्रवेश नाकारला होता. पुढे त्याच विद्यापीठाचं वैद्यकीय संग्रहालय यांनी सांभाळलं. असो, तो वेगळ्या लेखाचा विषय आहे.) त्यांनी साधा प्रश्न विचारला: बाळ निळं पडतं का, आणि कधी? कधीच निळी न पडणारी, उशिरा निळी पडणारी आणि सुरुवातीपासून निळी असणारी, असे गट पडले. आजही डॉक्टर पहिला विचार याच वाटेने करतात.

पुढे बॉस्टनच्या रिचर्ड व्हॅन प्राग यांनी तर अक्षरशः कोड बनवला. मला तो वाचताना डिजिटलचा पेपर आठवला! हृदयाचे तीन भाग धरायचे: वरचे कप्पे, खालचे कप्पे, बाहेर जाणाऱ्या धमन्या. प्रत्येकाला एक अक्षर. नॉर्मल हृदय म्हणजे एस-डी-एस. टीजीए म्हणजे एस-डी-डी. नुसतं शेवटचं अक्षर बदललं! आणि एस-एल-एल असेल तर गंमत होते. धमन्या उलट्या, पण खालचे कप्पेही उलटे, त्यामुळे रक्त जायचं तिथेच जातं. गणितात दोनदा साइन चुकली की उत्तर बरोबर येतं ना, तसं. यातली काही माणसं मोठी होईपर्यंत त्यांना पत्ताही नसतो. (पंप उलटसुलट लागल्याची किंमत पुढे मोजावी लागू शकते, हे खरं.) एकाच अक्षराचा फरक, आणि एका बाळाकडे तास आहेत, दुसऱ्याकडे वर्षं.

खालच्या पडद्याला पडलेलं खरंखुरं भोक, म्हणजे व्हीएसडी, छोटं असेल तर पुष्कळदा आपोआप बुजतं. मेसच्या मावशी खोटं बोलत नव्हत्या. मोठं असेल तर बाळ दीड-दोन महिन्यांनी दूध पिताना घामाघूम होतं, धापा टाकतं, वजन धरत नाही. म्हणजे घड्याळ महिन्यांचं. वरच्या पडद्याचं भोक कित्येकदा शाळेत जाईपर्यंत, कधी लग्न होईपर्यंतही कळत नाही. उलट डावीकडून शरीराकडे जाणारा रस्ताच अरुंद किंवा बंद असेल, तर ती नळी मिटायला लागली की पहिल्या काही दिवसांतच बाळ कोसळतं. हे सगळं 'भोक' या एका डब्यात कोंबायचं, म्हणजे फ्यूज उडाल्यालाही 'लाइट गेले' आणि ट्रान्सफॉर्मर जळाल्यालाही 'लाइट गेले' म्हणण्यासारखं आहे. ऐकणाऱ्याने मेणबत्ती शोधायची की जीव घेऊन पळायचं?

आता मुख्य प्रश्न. हे पोटात असताना कळतं का? कळू शकतं, बऱ्याच अंशी. १८ ते २२ आठवड्यांच्या सोनोग्राफीत बाळाचं हृदय असतं मोठ्या द्राक्षाएवढं, आणि ते मिनिटाला सुमारे १५० वेळा धडधडतं, म्हणजे सेकंदाला अडीच ठोके. मशीन सेकंदाला २५ फ्रेम दाखवत असेल तर एका ठोक्याला जेमतेम १० फ्रेम मिळतात. त्यात बाळ पाठ फिरवून बसलेलं असतं, आईच्या पोटाची जाडी आडवी येते. काम अवघड आहे, सोनोग्राफी करणाऱ्यांना उगाच शिव्या घालण्यात अर्थ नाही. पण चार कप्पे बघून थांबलं तर टीजीए हमखास निसटतो, कारण टीजीएमध्ये चार कप्पे साधारणपणे नॉर्मलच दिसतात! बिघाड त्याच्या वर, बाहेर जाणाऱ्या धमन्यांत असतो. नॉर्मल हृदयात या दोन धमन्या निघताना एकमेकींना ओलांडतात, टीजीएमध्ये समांतर निघतात. प्रोबचा कोन थोडा वर नेऊन एवढं बघायचं असतं. अल्ट्रासाउंडच्या आंतरराष्ट्रीय संस्थेने, आयसुऑगने, २०१३ च्या मार्गदर्शनात चार कप्प्यांबरोबर या धमन्याही प्रत्येक नेहमीच्या तपासणीत बघाव्यात असं म्हटलं. प्रत्येक, म्हणजे फक्त डायबेटिस असलेल्या आईची किंवा आधीच्या मुलाला त्रास असलेल्या आईचीच नव्हे. कारण अशी बहुतेक बाळं ताईसारख्या, काहीही धोका नसलेल्या आयांनाच होतात. हजार जन्मांमागे साधारण ८ ते ९ बाळांना जन्मजात हृदयविकार असतो, आपल्या देशात वर्षाला दोन लाखांहून अधिक बाळं. त्यातली सगळी अशी गंभीर नसतात, पण जी असतात त्यांना पहिला दिवससुद्धा मोठा असतो.

"आधी कळून काय फरक पडतो? पोटात थोडंच ऑपरेशन होणार?" हा प्रश्न मला हॉस्टेलवर तिघींनी विचारला. फरक पडतो जागेचा. पॅरिसच्या डॉक्टरांनी १९९९ मध्ये टीजीएची एक तुलना प्रसिद्ध केली. ६८ बाळांचं निदान पोटात असतानाच झालं होतं, २५० बाळांचं जन्मानंतर. ऑपरेशनपर्यंत पोहोचण्याआधीच दुसऱ्या गटातली १५ बाळं गेली. पहिल्या गटातलं एकही नाही. ऑपरेशननंतर दुसऱ्या गटातली आणखी २० गेली, पहिल्यातलं परत एकही नाही. शहर तेच, आजार तोच. पहिल्या गटातल्या आया फक्त आधीच योग्य दवाखान्यात पोहोचलेल्या होत्या. घाट ताईने पोटात बाळ असताना ओलांडला असता, तर वारेतून ऑक्सिजन चालू होता. याहून चांगली अँब्युलन्स कुठली असणार!

मला कळतंय, काही जणांच्या मनात दुसरा मुद्दा आलाय. आधी कळलं तर लोक बाळ ठेवतीलच कशाला? हा मुद्दा मी टाळणार नाही. २००८ मध्ये मुंबईतलं एक जोडपं उच्च न्यायालयात गेलं होतं. पोटातल्या बाळाच्या हृदयात दोष असल्याचं कळेपर्यंत कायद्याची २० आठवड्यांची मर्यादा उलटून गेली होती. न्यायालयाने परवानगी नाकारली. त्यावर देशभर चर्चा झाली, आणि शेवटी २०२१ च्या दुरुस्तीने, बाळात गंभीर दोष असल्याचं वैद्यकीय मंडळाने ठरवलं तर आठवड्यांची ती मर्यादा लागू होत नाही, असं झालं. निर्णय त्या आईचा आहे, मी वीस वर्षांची मुलगी त्यात नाक खुपसणार नाही. पण निर्णय कशावर घेणार? विसाव्या आठवड्यात कुणी नुसतं 'हृदयाला भोक आहे' म्हणालं, तर एखादं घर आपोआप बुजणाऱ्या भोकासाठी घाबरून जाईल, आणि दुसरं घर खऱ्या संकटाला 'बुजेल की' म्हणून निर्धास्त राहील. दोन्हीकडे वर्ग सांगितल्याशिवाय निवड ही निवडच नाही. तो जुगार आहे.

आपल्या राज्यात तर सोनोग्राफी म्हटलं की पहिला प्रश्न वेगळाच असतो. 'काय आहे?' मुलगी म्हणून मला हा प्रश्न बरोबर कळतो. गर्भलिंग तपासणीविरुद्ध देशातला पहिला कायदा १९८८ मध्ये महाराष्ट्राने केला, आणि तरीही सहा वर्षांखालच्या हजार मुलग्यांमागे मुली २००१ मध्ये ९१३ होत्या, त्या २०११ मध्ये ८९४ झाल्या. त्या मशीनसमोर बसून आपण चुकीचा प्रश्न विचारण्यात इतकी वर्षं घालवली, की बरोबर प्रश्न तोंडात बसलाच नाही. तो असा आहे: "डॉक्टर, चार कप्प्यांबरोबर बाहेर जाणाऱ्या दोन्ही रक्तवाहिन्या दिसल्या का? त्या एकमेकींना क्रॉस करतात का?" घरात कुणी गरोदर असेल तर हा प्रश्न कागदावर लिहून द्या. नाही दिसल्या, तर फीटल इकोसाठी चिठ्ठी मागा.

सोनोग्राफीत सगळंच कळेल असं मात्र कुणी समजू नये. वरच्या पडद्याची वाट आणि ती नळी पोटात उघडीच असते, मग पुढे मिटणार नाही हे आधी कसं सांगणार? छोटी भोकं निसटतात. महाधमनी अरुंद असणं ओळखायला कठीण जातं. म्हणून बाळ घरी सोडण्याआधी उजव्या हाताला आणि एका पायाला पल्स ऑक्सिमीटर लावून बघावा. कोरोनात घरोघरी आला तोच प्रकार, फक्त सेन्सर बाळाच्या मापाचा. दोन मिनिटांचं काम. सरकारचा राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम २०१३ मध्ये आपल्या पालघरलाच सुरू झाला, जन्मजात हृदयविकार त्याच्या यादीत आहे, आणि अंगणवाडीत-शाळेत तपासणीला येणाऱ्या गाड्यांनी कित्येक मुलं शोधली आहेत. पण टीजीएचं बाळ अंगणवाडीपर्यंत पोहोचत नाही. केरळने २०१७ मध्ये 'हृद्यम' नावाची योजना काढली. तिथे बाळाची ऑनलाइन नोंद होते, किती तातडी आहे त्यानुसार वर्ग ठरतो आणि त्याप्रमाणे ऑपरेशनची जागा शोधली जाते. बघा, तिथेही वर्ग म्हणजे घड्याळच!

ताईला मी सर्किट काढून दाखवलं. वहीच्या मागच्या पानावर, दोन लूप. सातव्या महिन्यातल्या ग्रहणाचंही सांगितलं. बाळाचं हृदय तिसरा महिना सरायच्या आतच बांधून तयार झालेलं असतं, जोडणी तेव्हाच उलटी झाली होती. सातव्या महिन्यात विळी काय, तलवार हातात घेतली असती तरी काही बदललं नसतं. ती बराच वेळ त्या आकृतीकडे बघत राहिली. मग म्हणाली, "हे मला तेव्हाच का नाही कुणी सांगितलं?" डॉक्टरांना वेळ नव्हता हे मला मान्य आहे. रात्रभर जागलेला माणूस रडणाऱ्या बाईला एस-डी-डी कसा समजावणार? पण म्हणूनच ते लिहून द्यायला हवं, मराठीत. बिघाड कुठे आहे, तो कोणत्या वर्गातला आहे आणि हातात वेळ किती आहे. तीन ओळी. आमच्या वर्गातल्या मुलांनी मनावर घेतलं तर असा छापील नमुना एका रविवारी टाइप करून होईल, मजकूर एखाद्या हृदयतज्ज्ञाकडून तपासून घेता येईल. मराठी टायपिंगला मी बसायला तयार आहे, ऱ्हस्व-दीर्घ कुणीतरी बघा.

जागेचीही अडचण नाही. ताईच्या सोनोग्राफीच्या रिपोर्टवर शेवटी, बाळाचं लिंग तपासलं नाही आणि सांगितलं नाही, अशी डॉक्टरांची सही असलेली घोषणा आहे. तिच्याखाली निम्मं पान कोरं आहे.